शनिवारची गोळी

यंदा इंदापूरहून बारामतीला जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला कुणीतरी सूर्यफूल लावलंय. दोन-अडीच एकराचा तुकडा असेल. आमच्या भागातून हे पीक गेलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आता जिकडं बघावं तिकडं ऊस, नाहीतर डाळिंबाच्या ओळी. परवा एसटीत खिडकीशी बसले होते आणि अचानक ते पिवळं रान समोर आलं. मी मान फिरवली. शेजारच्या बाईंना वाटलं मला ऊन लागतंय, त्यांनी जागा बदलून दिली. मीही उठून त्यांच्या जागेवर बसले. पन्नाशीच्या बाईला एका पिकाची भीती वाटते हे कुणाला सांगायचं?

मी इंदापुरात प्राणिशास्त्र शिकवते. दरवर्षी परीक्षा तोंडावर आल्या की मुलं उजळणीला येतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात. मॅडम, सोडियम-पोटॅशियम पंप एकदा परत सांगा ना. मी सांगते. फळा भरून चित्र काढते. हात खडूनं पांढरे होतात, आवाज नेहमीसारखाच असतो, पण मुलांकडं न वळता मी फळ्याशीच बोलत राहते. कारण हा पंप मी पहिल्यांदा नीट शिकले त्याच मार्च-एप्रिलमध्ये आमच्या घरात एक गोष्ट घडली, आणि त्या गोष्टीतला माझा वाटा मी आईला कधी सांगितला नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता केस पिकले.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही जळोचीत राहायचो. बारामती तेव्हा जळोचीपर्यंत पोचली नव्हती, अधेमधे शेतं होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या शर्टांना कायम दुधाच्या भुकटीचा गोडसर वास यायचा, धुतला तरी जायचा नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा अण्णा तीन-चार वर्षांचे होते. पुढं त्यांनी त्या दीक्षेचा अर्थ फार मनावर घेतला. आमच्या घरात उपास नव्हते, वार पाळणं नव्हतं, मांजर आडवं गेलं तर अण्णा मुद्दाम त्याच्या मागून चालत जायचे. कुणी काही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "कशावरनं?" आम्हा बहिणींना त्यांनी हा प्रश्न पाढ्यांच्या आधी शिकवला. मी त्यांची लाडकी. कशावरनं विचारण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं.

आई शाळेत गेलेली नव्हती. शेजारच्या तात्यांच्या शेतावर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बांधून तिला शंभरापर्यंतचं मोजणं मात्र पक्कं झालं होतं. अंगानं बारकी, बोलणं मोजकं. घरात चार माणसं बोलत असली तर आई आहे की नाही हे कळायचं नाही, ती गावाला गेली की मग कळायचं.

अण्णांच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापानं बिघडलेली होती. चाळिशीत त्यांना धाप लागायला लागली, पाय सुजायला लागले. बारामतीच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लावून दिल्या. एक लघवीची, पाणी काढून टाकणारी. दुसरी हृदयाची, अगदी बारकी पांढरी, नखावर मावेल एवढी. अण्णा म्हणायचे, एवढ्याशा गोळीला कुणी भिऊ नये. त्यांचं औषधपाणी सगळं आईकडं. दवाखान्यात ते हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला आत झोपलेले असताना तिथल्या नर्सबाईंनी आईला बाहेर बाकावर बसवून सगळं समजावलं होतं. अण्णांनी त्यात कधी डोकं घातलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझ्या काळजाचं तिला इचारा."

रोज सकाळी चहाच्या आधी आई अण्णांच्या खाटेशी बसायची. त्यांचं मनगट हातात घ्यायची, भिंतीवरच्या घड्याळाच्या लाल सेकंदकाट्याकडं बघत ओठ हलवायची. मग डबीतून गोळी काढून द्यायची. कधी कधी द्यायचीही नाही. शनिवारी आणि रविवारी तर नाहीच नाही. त्यानंतर एक केळं सोलून अण्णांच्या हातात, नाहीतर शहाळं. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि मला या सगळ्याचा मनातून राग यायचा. ओठ हलवत ती काहीतरी जप करते असं मला वाटायचं. तिचं माहेर जुन्या वळणाचं, तिथं शनिवार धरायचे. मला वाटलं, आईनं देव सोडले पण शनिवार सोडला नाही. अण्णांच्या नकळत तिनं तो त्यांच्या गोळीला लावून दिलाय. एकदा अण्णांना तसं म्हणालेही. ते हसले आणि म्हणाले, असू दे, तेवढंच तिला बरं वाटतंय. मी मात्र मनात नोंद करून ठेवली.

त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मार्च अखेरीला भिगवणहून निरोप आला. माझी मोठी बहीण, आक्का, दुसऱ्यांदा बाळंत झाली होती आणि तिची सासू अंथरुणाला खिळलेली. आईला जावं लागणार होतं, तीन आठवडे तरी. आई दोन दिवस घुटमळली. जाताना डबीत गोळ्या मोजून ठेवल्या. स्टँडवर गाडीत चढता चढता मला म्हणाली, "शनवार-ऐतवार बारकी गोळी न्हाय द्यायची. आन् सकाळच्याला मनगट धरत जा त्यांचं, मंग गोळी." मागून माणसं ढकलत होती, कंडक्टर ओरडत होता. मी बरं बरं म्हणाले. मनात म्हणाले, आता तीन आठवडे या घरात विज्ञान चालेल.

ते दिवस सुरुवातीला फार मजेचे गेले. मला भाकरी धड यायची नाही. अण्णा ताटातली भाकरी दोन हातात उचलून धरायचे आणि विचारायचे, हा कुठल्या जिल्ह्याचा नकाशा? शेजारचे तात्या बांधावरून ओरडायचे, दुपारी आमच्याकडं जेवा, पोरीला अभ्यास करू द्या. त्यांचं सूर्यफूल ऐन फुलोऱ्यात होतं, आमच्या दारापासून सुरू व्हायचं ते पार ओढ्यापर्यंत. अण्णांनी सुट्टी टाकली होती. दिवसभर लिंबाखाली खाट टाकून ते त्या शेताकडं तोंड करून पडायचे, आणि मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. इंग्रजीतून वाचायचं आणि मराठीतून सांगायचं. त्यांना ऐकायला आवडायचं. माझी उजळणी व्हायची.

अशातच एका दुपारी मी त्यांना पंप समजावला. म्हटलं, अण्णा, आपलं रक्त खारट असतं. शरीरातली प्रत्येक पेशी त्या खाऱ्या पाण्यात बसलेली असते आणि मीठ सारखं आत शिरत असतं. पेशीच्या पडद्यात लाखो पंप असतात. एक पंप एका वेळी सोडियमचे तीन कण बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. तीन बाहेर, दोन आत. आपण झोपलो तरी हे चालूच. आपण खातो त्यातला मोठा वाटा नुसता हे पंप चालवण्यात जातो. अण्णा उठून बसले. म्हणाले, म्हणजे आतमध्ये तीन पाळ्यांचा कारखाना हाय म्हण की. मी म्हटलं, तीन पाळ्या, आणि साप्ताहिक सुट्टी नाही.

पंपाची रचनाही सांगितली. एक मोठा भाग, तो खरं काम करतो. एक मधला, तो मोठ्याला जागेवर धरून ठेवतो. आणि पुस्तकात तळाला एक ओळ होती, की काही ठिकाणी सोबत एक अगदी छोटं तिसरं प्रथिन सापडतं, त्याचं काम अजून स्पष्ट नाही. आमच्या सरांनी वर्गात ती ओळ खोडायला लावली होती. परीक्षेला नाही, सोडून द्या. मी अण्णांना तेही सांगितलं. अण्णा म्हणाले, "काम न्हाय तर मंग बसलंय कशाला तितं?" मी म्हटलं, असतं एखादं, रिकामं. आम्ही दोघंही हसलो.

पहिला शनिवार आला. मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. अण्णा म्हणाले, आज शनवार, तुझी आई सुट्टी देते. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "अण्णा, हृदयाला कुठं सुट्टी असते? ते शनिवारी बंद असतं का?" अण्णांचा चेहरा खुलला. त्यांनी माझ्याकडं इतक्या कौतुकानं बघितलं, की ते बघणं मला आजही सोसत नाही. बांधावरच्या तात्यांना हाक मारून त्यांनी माझं वाक्य ऐकवलं. ऐका तात्या, पोरगी काय बोलली. आणि गोळी गिळली. रविवारीही गिळली. पुढच्या शनिवारी तर मला बोलावंही लागलं नाही, त्यांनी आपणहून हात पुढं केला. मनगट मी एकदाही धरलं नाही. बापाचा हात धरून बसायचं आणि घड्याळाकडं बघायचं, मला तो नाटकीपणा वाटायचा.

दुसऱ्या आठवड्यात त्यांची भूक गेली. तोंडाला चव नाही म्हणायचे. ताट समोर आलं की मळमळायचं. मला वाटलं माझ्या हातचं खाऊन कंटाळले. तात्यांच्या घरून पिठलं आणलं, तेही सरकवलं. सकाळचं केळं तसंच उशाशी पडून राहायचं. ते केळं मी पुस्तक वाचता वाचता खाऊन टाकायचे. लघवीची गोळी शरीरातलं पोटॅशियम वाहून नेते, केळ्यातून आणि शहाळ्यातून ते परत येतं, हे मी तोंडपाठ केलेलं होतं. कशात काय असतं याचा तक्ताच होता आमच्या पुस्तकात. तो तक्ता वाचत वाचत मी अण्णांचं केळं खात होते.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला डबी रिकामी झाली. आईनं मोजून पंधराच गोळ्या ठेवल्या होत्या. एकवीस दिवसांना पंधरा. मी कपाळावर हात मारला. आईला मोजता येत नाही, असं मोठ्यानं म्हणाले. सायकल काढली, बारामतीच्या मेडिकलमध्ये जुनं वेष्टण, त्यावरचं नावही न वाचता, दाखवलं आणि नवी पट्टी घेऊन आले. उन्हातून एवढी सायकल हाणली म्हणून अण्णांनी मला पंख्याखाली बसवलं आणि स्वतः उठून पाणी दिलं.

जयंती जवळ आली होती. दरवर्षी जयंतीला अण्णा पांढराशुभ्र शर्ट घालायचे आणि चार शब्द बोलायचे. मी तो शर्ट धुऊन, नीळ घालून वाळत टाकला. अण्णांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "पिवळा पडलाय गं. नीळ घाल जरा." मी परत भिजवला, परत नीळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अजून पिवळाच दिसतोय. मी वैतागले. परीक्षा आठवड्यावर आलेली आणि हे एका शर्टासाठी मला न्हाणीत बसवतात. तिसऱ्यांदा मी बादलीत नीळ नुसती ओतली. शर्ट निळाशार झाला, जयंतीच्या पताकेसारखा. तो त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, आता? ते डोळे बारीक करून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, मला सगळंच पिवळं दिसतंय सुजा. भिंत बी. तू बी.

मी म्हटलं, दिवसभर त्या सूर्यफुलाकडं तोंड करून पडता, दुसरं काय दिसणार? आणि मी खाट फिरवून ठेवली. शेताकडं पाठ केली. मोठा उपाय केल्यासारखं वाटलं मला. तात्यांच्या बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली कावीळ असंल, गळ्यात मुळ्यांची माळ घालणारा आहे एक, बोलावू का. मी तिच्यावर उखडले. असलं काही आमच्या घरात चालत नाही म्हणून सांगितलं. बिचारी तशीच घरी गेली. तिचं ऐकून कुणालातरी बोलावलं असतं तर निदान एखादा बाहेरचा माणूस अण्णांकडं बघायला आला असता. तोही मी येऊ दिला नाही.

शुक्रवारी सकाळी गोळी दिली. नऊच्या सुमारास अण्णा न्हाणीकडं जायला उठले आणि दारात बसले. बसले ते बसलेच. छातीत पाखरू फडफडतंय म्हणाले. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांचं मनगट धरलं. तिथं ठोका होता, मग बराच वेळ काही नव्हतं, मग दोन एकदम आले. तात्यांनी टेम्पो काढला. भाजीची पोती खाली टाकून दिली आणि अण्णांना मागं झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. बारामतीचा दवाखाना दिसायला लागला तेव्हा ते माझ्याकडं बघत होते. मी त्यांना पिवळी दिसत असेन.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. झडप आधीच फार खराब होती, हृदय थकलं होतं, असं काहीसं म्हणाले. आधी काय होत होतं म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जेवत नव्हते. पिवळ्याचं सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही.

आई भिगवणहून संध्याकाळच्या आत पोचली. रडली नाही. अण्णांना जयंतीचा शर्ट घालावा म्हणून मी तो आणून दिला. तिनं तो उजेडात धरला आणि विचारलं, हा इतका निळा कशानं झाला? मी सांगितलं, अण्णा म्हणत होते पिवळा दिसतोय. आईनं शर्टाची घडी घातली, पेटीत ठेवून दिला आणि दुसरा काढला. मग फळीवरची गोळ्यांची डबी काढून ती मांडीवर घेऊन बसली, डबीशेजारची नवी पट्टी तिनं बोटानं चाचपून बघितली. भंतेजी आले, त्रिसरण झालं, माणसं आली-गेली, तरी डबी मांडीवरच होती. मला वाटलं दुःखानं माणूस असं काहीतरी धरून बसतं. पुढं कुणी काही विचारलं की तिचं एकच उत्तर होतं, त्यांचं काळीज आधीच थकलं होतं.

परीक्षा चुकवायची नाही हा अण्णांचा नियम, त्यामुळं सातव्या दिवशी मी पेपरला बसले. प्रश्नपत्रिकेत तिसरा प्रश्न पंपावरचा होता. मी भराभरा लिहायला लागले. तीन बाहेर, दोन आत. मोठा भाग, मधला भाग. पुढं उपप्रश्न होता, पंपाला अडवणारी औषधं. मी लिहिलं की हृदयविकारात वापरलं जाणारं डिगॉक्सिन या पंपाला धरून ठेवतं. पंप मंदावला की हृदयाच्या पेशीत सोडियम साठतं, त्यामागून कॅल्शियम वाढतं आणि हृदय जास्त जोरानं आवळतं. औषध शरीरातून हळू बाहेर पडतं. मात्रा थोडी जरी वाढली, किंवा रक्तातलं पोटॅशियम कमी झालं, तर ठोके बिघडतात. लक्षणं लिहिली. भूक मरणे, मळमळ, नाडी मंद व अनियमित. आणि शेवटचं लक्षण लिहिताना पेन थांबलं. वस्तू पिवळ्या दिसणे.

मी ते लिहिलं. पूर्णविराम दिला. परीक्षेच्या हॉलमध्ये वरचा पंखा फिरत होता, पुढच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागत होती. हे सगळं मला पाठ होतं. अण्णा लिंबाखाली पडलेले असताना, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून, मी हे चार वेळा वाचलं होतं. चार गोळ्या जास्तीच्या. शनिवार, रविवार, शनिवार, रविवार. आणि त्यावर मळमळ सुरू झाल्यानंतरच्या सगळ्या सकाळच्या, ज्या आईनं मनगट धरून दिल्याच नसत्या. घरी आल्यावर मी पेटीतून दवाखान्याचा कागद काढला. डॉक्टरांच्या अक्षरात डिगॉक्सिन हे नाव होतं, आणि खाली स्पष्ट मराठीत लिहिलेलं होतं, शनि-रवि बंद. नाडी साठाच्या खाली असल्यास देऊ नये. तो कागद आमच्याच घरात होता. कशावरनं विचारणाऱ्या मुलीनं तो एकदाही उघडला नव्हता.

त्या पेपरात मला चांगले मार्क पडले. पेढे वाटायला तात्यांनी पैसे दिले. मी ते सगळे वाटले, एकही खाल्ला नाही.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ठरवलं, निकालाच्या दिवशी ठरवलं. नोकरी लागली, लग्न झालं, आईला इंदापूरला माझ्याकडं आणलं. दर एप्रिलला ठरवते. आई भाजी निवडत असते, मी तिच्यासमोर जाऊन बसते, ती वर बघते, आणि मी विचारते, आज काय करायचं जेवायला?

मधल्या काळात त्या तिसऱ्या प्रथिनाचं कोडं सुटलं. पुढचं दशक संपता संपता मी पुण्याच्या एका ग्रंथालयात बसून काही लेख चाळत होते, आणि त्यात ते भेटलं. ते एकटं नव्हतंच, त्याचं अख्खं कुटुंब निघालं. मूत्रपिंडात एक, हृदयात दुसरं, मेंदूत आणखी वेगळं. सगळी बारकी, पेशीच्या पडद्यातून एकदाच आरपार गेलेली. स्वतः एक कणही उपसत नाहीत. पंपाला नुसती चिकटून बसतात आणि त्याची चाल जुळवतात. हृदयातल्याचं नाव फॉस्फोलेमन. एरवी ते पंपावर हलका दाब ठेवून असतं, उगीच धावू देत नाही. माणूस घाबरला, पळायला लागला, की रक्तातून निरोप येतो, त्याच्या शेपटाला फॉस्फेट चिकटतं, आणि ते आपली पकड सैल करतं. पंप जोरात चालायला लागतो. वेळ टळली की पुन्हा हात ठेवतं. ते काढून टाकलं तरी पंप चालतो. फक्त कधी आवरायचं आणि कधी सोडायचं, हे सांगणारं शेजारी कुणी उरत नाही.

ग्रंथालयात मला रडू कोसळलं. एका प्रथिनासाठी कुणी रडतं का? पण मला आमची खाट दिसत होती, घड्याळाचा लाल काटा, आणि त्याच्याकडं बघत हलणारे आईचे ओठ. काम नाही तर बसलंय कशाला तिथं, असं अण्णांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं रिकामं असेल.

गेल्या हिवाळ्यात आईला धाप लागायला लागली. ठोके अनियमित झालेत म्हणाले डॉक्टर. तपासण्या झाल्या, गोळ्या लिहून दिल्या. मी कागद वाचला आणि खुर्चीत बसून राहिले. तीच गोळी. आठवड्यातून पाच दिवस. माझ्या नवऱ्याला म्हटलं, आईच्या गोळ्या तुम्ही बघा. भिगवणहून आक्का आली होती, तिलाही म्हटलं, काही दिवस तू घेऊन जा तिला. आक्का लगेच तयार झाली. आईनं मात्र मान हलवली. गोळ्या सुजाच देईल म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी मी देते. देण्याआधी डॉक्टरांचा कागद दर वेळी नव्यानं वाचते. परवा ते सूर्यफूल बघून आले आणि रात्रभर डोळा लागला नाही. सकाळ झाली, शनिवार होता. मी आईसाठी केळं सोलून आणलं, डबीला हात लावला नाही, आणि तिच्या खाटेच्या कडेवर बसले. या वेळी जेवणाचं विचारलं नाही. म्हटलं, आई, अण्णा गेले तेव्हा... मी त्यांना शनिवारी पण गोळी देत होते. रविवारी पण. तू सांगून गेली होतीस. मी ऐकलं नाही.

आईनं केळ्याचा घास सावकाश संपवला. साल माझ्या हातात दिली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "पंधरा ठिवून गेले व्हते. आले तर नवी पट्टी, ती बी फोडलेली. आन् त्यो शर्ट. नर्सबाईनं सांगितलं व्हतं, पिवळं दिसतंय म्हनले की गोळी बंद करायची आन् पळत यायचं. म्या तुला त्येवढं सांगाया पायजे व्हतं. गाडी सुटली."

एवढी वर्षं ती माझ्याबरोबर एकाच चुलीवरचं जेवत होती. माझं लग्न, माझी पोरं, माझे पेढे, सगळ्यात होती. आणि तिनंही तिच्या वाट्याचं तेवढंच धरून ठेवलं होतं, गाडी सुटल्याचं. मी विचारलं, मग आता माझ्याच हातून का घेतेस गोळी? आक्का होती की.

आईनं आपलं मनगट माझ्या मांडीवर ठेवलं. कातडी पातळ झालीय, निळी शीर वरूनच दिसते.

"आक्का चुकंल," आई म्हणाली. "तू न्हाय आता चुकायची."

मी बोटं ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाचा लाल काटा बारावर येऊ दिला आणि मोजायला सुरुवात केली.